एसीएलचं ऑपरेशन झालंय? स्क्रू-बटनाच्या भरवशावर या चुका करू नका

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत एसीएलच्या (गुडघ्यातल्या, मांडीचं हाड नडगीला जोडणाऱ्या लिगामेंटच्या, म्हणजे अस्थिबंधाच्या) ऑपरेशनआधी नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुधा हाच: "स्क्रू कोन्त्या कंपनीचा टाकता जी?" विचारायला हरकत नाही, पण सगळी चौकशी तिथेच संपते. ग्राफ्टसाठी, म्हणजे तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवायच्या दोरीसाठी, हाडात पाडलेला बोगदा चुकीच्या जागी गेला, तर महागातला स्क्रूही गुडघा सावरू शकत नाही. अशी ऑपरेशनं डॉक्टर नेहमी करतात का, हे आधी विचारा.

दूरबिणीच्या ऑपरेशनात तुटलेल्या लिगामेंटच्या जागी मांडीमागच्या स्नायूची किंवा वाटीखालची दोरी काढून बसवतात. मांडीच्या हाडाकडे ती बऱ्याचदा बटनाने लटकवतात: सुमारे १२ मिलिमीटर लांबीची पट्टी, हाडाच्या बाहेरच्या भिंतीवर आडवी टेकलेली. नडगीकडे बोगद्यातच स्क्रू पिळून ग्राफ्ट भिंतीशी दाबून धरतात. तिथलं हाड मऊ असतं आणि ओढही सरळ बोगद्याच्या दिशेने बसते, म्हणून काही सर्जन जोडीला स्टेपल किंवा आणखी एक स्क्रू लावतात. पुढे गुडघे टेकताना तो टोचला तर ग्राफ्ट रुजल्यावर काढताही येतो.

हे सगळं तात्पुरतं. स्नायूची दोरी हाडात रुजायला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात. वाटीखालचा, दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे असलेला ग्राफ्ट ६ ते ८ आठवड्यांत धरतो. तोवर भार स्क्रू-बटनावर, आणि सगळ्यात कच्चा दुवाही तोच. रुजल्यानंतरही ग्राफ्टची आतून नव्याने बांधणी चालूच राहते, त्याला वर्षभर किंवा जास्तही लागतं. गुडघ्याला मात्र तिसऱ्या महिन्यातच बरं वाटू लागतं, आणि घोळ इथेच होतो.

"आता तं काहीच दुखत नाही"

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं यात सर्वांत पुढे. जाहिरात निघाली की रेशीमबाग मैदानावर धावायला सुरुवात, कबड्डीवाल्यांचंही तेच. दुखणं थांबणं ही ग्राफ्ट पिकल्याची खूण नव्हे. वळण-उडीच्या खेळात ९ महिन्यांच्या आत उतरू नका. तेव्हाही दोन्ही पायांची ताकद आणि एका पायावरची उडी तपासून घ्या. नुसतं कॅलेंडर बघून भागत नाही.

जिममधलं लेग एक्स्टेन्शन मशीन हा दुसरा सापळा. बसून, घोट्यावर वजन घेऊन पाय पूर्ण सरळ करताना ग्राफ्टवर थेट ताण येतो. फिजिओने सांगेपर्यंत त्या मशीनकडे फिरकू नका.

गुडघ्याखाली उशी

ही चूक बहुतेक घरची माणसं करतात, आणि मायेने करतात. आराम वाटतो, पण गुडघा अर्धवट वाकलेला राहून आखडतो. उशी द्यायचीच तर टाचेखाली द्या. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गुडघा पूर्ण सरळ होणं वाकण्यापेक्षाही महत्त्वाचं. आणि वाकत नाही म्हणून मालिशवाल्याकडून जोर लावून वाकवून घेणं तर अजिबात नको. मांडी घालणं, उकिडवं बसणं सर्जन सांगतील तेव्हाच.

बाकी शंका

विरघळणारा स्क्रू विरघळला की ग्राफ्ट सुटेल, ही भीती बाळगू नका. त्याला बहुधा वर्षं लागतात, तोवर ग्राफ्ट हाडात बसलेला असतो. टायटॅनियमचा स्क्रू किंवा बटन असताना एमआरआय होतो. स्क्रूजवळचं चित्र जरा धूसर येतं इतकंच. तरी आत काय बसवलंय ते तिथे आधी सांगाच.

ऑपरेशननंतरचा एक्स-रे मात्र सर्जनसोबत बसून बघा. बटन हाडाला टेकलेलं नसेल, मध्ये फट दिसत असेल, तर कारण विचारा. मध्ये मांस अडकलं असेल तर पुढे बटन सरकून ग्राफ्ट सैल पडू शकतो.

अचानक 'कट्' असा आवाज होऊन सूज आली, गुडघा सटकू लागला किंवा सरळच होईना, तर व्यायाम थांबवून सर्जनला दाखवा. ताप, टाक्यांतून पू, पोटरी दुखून सुजणं यांत एक दिवसही घालवू नका. छातीत दुखलं किंवा दम लागला तर थेट इमर्जन्सी गाठा.

गोंदिया, गडचिरोलीकडून आलेले पेशंट डिस्चार्ज कार्ड तेवढं घेऊन गावी परततात. स्क्रू-बटनाचे स्टिकर आणि ऑपरेशन नोट्सची प्रतही मागून घ्या. फेरऑपरेशनची वेळ आलीच, तर दुसऱ्या सर्जनला स्क्रूचं माप आणि प्रकार आधी कळावा लागतो. ते माहीत नसेल तर तो काढायचं योग्य अवजारही हाताशी नसतं.