पेनड्राईव्हवरून बायोस अपडेट होऊन नाही राहिलं? मंग हे करून पाहा

रात्रीचे नऊ वाजले होते, बाजूच्या गावातल्या एका पोट्ट्याचा फोन आला. "भौ, बायोस अपडेट कराले बसलो, पेनड्राईव्ह लावला, पण त्याले तो दिसूनच नाही राहिला. बोर्ड गेला काय माहा?" मी म्हटलं बोर्डाले काही नाही झालं, आधी सांग पेनड्राईव्ह कोणता लावला. तर म्हणे ट्रॅक्टरवरचा, गाण्याचा, ६४ जीबीवाला. तिथंच अर्धी गोष्ट समजली. (बायोस म्हणजे मदरबोर्डाच्या चिपमधलं, कॉम्प्युटर चालू होताना सगळ्यात आधी सुरू होणारं सॉफ्टवेअर, आणि बोर्ड म्हणजे तोच मदरबोर्ड.)

मी गावात सेवा केंद्र चालवतो, सातबारा, पीक विमा, झेरॉक्स वगैरे, आणि त्याच्यासोबत आजूबाजूच्या चार-पाच गावातले कॉम्प्युटर बी माझ्याच टेबलावर येतात. त्यातून एक गोष्ट पक्की समजली ती आधी सांगतो. स्क्रीनवर "अपडेट करायचं काय" असं विचारते आणि तुम्ही यस दाबता, तोपर्यंत बोर्डाच्या चिपवर एक अक्षर लिहिलं जात नाही. पेनड्राईव्ह दिसत नाही, फाईल घेत नाही, एरर येते, हे सगळं यसच्या अलीकडचं, त्यानं बोर्ड मरत नाही, दहादा करून पाहा. यस दाबल्यावरचे तीन-चार मिनिटं मात्र देवाचे. लोक नेमकं उलटं करतात, पेनड्राईव्ह दिसला नाही की घाबरतात आणि अपडेट सुरू असताना मात्र बिनधास्त चहा प्यायला जातात.

आधी विचारा, करायचं काहून?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून माझ्याकडे निम्मे लोक "विंडोज ११ साठी बायोस अपडेट करून द्या" म्हणून येतात. त्यातल्या बऱ्याच जणांना अपडेट लागतच नाही, बायोसमध्ये टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) बंद असते फक्त. इंटेलच्या बोर्डावर त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम, ते चालू केलं की काम झालं. (प्रोसेसरच जुना असला तर मात्र ना टीपीएमनं भागते ना बायोसनं.) नवा प्रोसेसर टाकायचा असला तर अपडेट खरंच लागते, जसं एएमडी प्रोसेसरसाठीचे बी४५० चे बोर्ड २०१८ चे आणि एएमडीचे रायझन ५००० प्रोसेसर आले २०२० च्या शेवटी, म्हणजे जुन्या बायोसवर तो प्रोसेसर लावला तर डिस्प्लेच येत नाही. म्हणून जुना प्रोसेसर काढायच्या आधी अपडेट करा, काढल्यावर नाही. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे मोठे डेस्कटॉप प्रोसेसर असतील तर त्यांनीही करून घ्या, व्होल्टेजचा घोळ होता, २०२४ मध्ये त्याची दुरुस्ती बायोसमधूनच दिली. बाकी मशीन नीट चालत असेल तर कशाला हात लावता.

बोर्ड कोणता, हे अंदाजानं नाही

विंडोजचं बटण आणि आर सोबत दाबा, एमएसइन्फो३२ टाका (अर्थात इंग्रजीत). तिथं बेसबोर्ड प्रॉडक्टपुढे बोर्डाचं नाव आणि बायोस व्हर्जनपुढे आताचं व्हर्जन व तारीख दिसते, मोबाईलनं फोटो काढून ठेवा. गीगाबाइटचा बोर्ड असेल तर कॅबिनेट उघडून बोर्डाच्या कोपऱ्यावर छापलेला रिव्हिजन नंबर बी पाहा, १.० आणि २.० ची फाईल वेगळी असू शकते. नावात एकच अक्षर कमी-जास्त असलं तरी तो दुसरा बोर्ड आहे, वायफायवाला आणि बिनवायफायवाला सुद्धा. आणि ते स्वस्तातले, जुन्या इंटेल प्रोसेसरसाठीचे एच६१ चे नवीन बोर्ड मिळतात ना, ज्याच्यावर कंपनीची धड वेबसाईट नाही, त्याच्यासाठी कुठूनतरी फाईल आणून टाकू नका. त्याच्यावर मी पैसे घेऊन बी अपडेट करत नाही.

फाईल कंपनीच्याच साईटवरून घ्या, त्या मॉडेलच्या सपोर्ट पानावरून. आपल्याकडं मोबाईलचं नेट, संध्याकाळी एक काडी दिसते, एक काडी जाते, डाउनलोड मधातच तुटते आणि अर्धवट झिप सुद्धा फोल्डरमध्ये पूर्ण झाल्यासारखी दिसते. साईटवर लिहिलेला साईज आणि तुमच्या फाईलचा साईज जुळते काय ते पाहा, झिप उघडताना एरर आली तर सरळ डिलीट करून सकाळी पुन्हा उतरवा. आणि झिप उघडायची, तशीच्या तशी पेनड्राईव्हवर टाकायची नाही, हे मला आठवड्यातून एकदा तरी कोणाला सांगावं लागते.

पेनड्राईव्ह

आता त्या ट्रॅक्टरवाल्याकडे वापस येऊ. बायोसला बहुतेक ठिकाणी फक्त फॅट३२ (पेनड्राईव्हवर फाईली मांडायची एक पद्धत) वाचता येते. ३२ जीबीच्या वरचे बरेच पेनड्राईव्ह दुकानातून येतात तेच एक्सफॅटमध्ये, आणि कोणी विंडोजमध्ये फॉरमॅट मारला असेल तर एनटीएफएस, दोन्ही बायोसला दिसत नाहीत. गाणे टेपवर मस्त वाजतात म्हणून पेनड्राईव्ह चांगला आहे असं होत नाही.

घरात ४, ८, १६ जीबीचा जुना पेनड्राईव्ह असेल तर तोच शोधा. त्यातलं काही लागत असेल तर कॉपी करून घ्या, मग धिस पीसीमध्ये त्याच्यावर राईट क्लिक, फॉरमॅट, फाईल सिस्टीममध्ये फॅट३२, स्टार्ट. ६४ जीबीचाच असेल तर त्या डब्यात फॅट३२ चा पर्याय येत नाही, कारण विंडोज तिथं ३२ जीबीच्या वर तो देतच नाही. मग रूफस नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात बूट सिलेक्शनमध्ये नॉन बूटेबल, पार्टिशन स्कीम एमबीआर आणि फाईल सिस्टीम फॅट३२ निवडा. वरती डिव्हाईसपुढे तुमचाच पेनड्राईव्ह आहे ना हे दोनदा पाहा, एकानं बाजूला लावलेली लग्नाच्या फोटोंची हार्डडिस्क साफ केली होती, त्याच्या बायकोनं आठ दिवस जेवण कसं दिलं ते त्यालाच माहीत.

उघडलेली फाईल एकटी, कुठल्याच फोल्डरमध्ये न टाकता, सरळ पेनड्राईव्हवर ठेवा. नंतर इजेक्ट करूनच काढा.

आता तरी दिसत नाही? तर पोर्ट बदला. कॅबिनेटच्या समोरचे पोर्ट विसरून जा, त्याची वायर अर्धी निघालेली असते नाहीतर उंदरानं कुरतडलेली, खोटं नाही बोलत. मागचा, बोर्डाचा स्वतःचा, काळा यूएसबी २.० चा पोर्ट सगळ्यात भरवशाचा. हब नको, एक्स्टेन्शन नको. पेनड्राईव्ह आधी लावा आणि मग कॉम्प्युटर चालू करून बायोसमध्ये जा, बायोस उघडल्यावर लावलेला कित्येक बोर्ड ओळखत नाहीत. डिलीट किंवा एफ२ दाबून बायोस उघडतच नसेल, सरळ विंडोज येऊन राहिलं असेल, तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून रिस्टार्टवर क्लिक करा, पुढं ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. एवढं करूनही नाही दिसला तर दुसरा पेनड्राईव्ह. आठवडी बाजारातला शंभर रुपयाचा "१२८ जीबी" तर चूलीत टाका.

दिसते, पण फाईल घेत नाही

बायोसमध्ये अपडेटचं टूल वेगवेगळ्या नावानं असते, आसूसमध्ये ईझी फ्लॅश, गीगाबाइटमध्ये क्यू-फ्लॅश, एमएसआयमध्ये एम-फ्लॅश, एसरॉकमध्ये इन्स्टंट फ्लॅश. डेलच्या लॅपटॉपला एफ१२ दाबून बायोस फ्लॅश अपडेट. तिथं फाईल निवडली आणि "ही बरोबर बायोस फाईल नाही" अशा अर्थाचं काही आलं, तर आनंद माना, बोर्डानं तुम्हाला वाचवलं. शंभरात नव्वद वेळा फाईल दुसऱ्या मॉडेलची किंवा दुसऱ्या रिव्हिजनची असते. उरलेल्या वेळी फाईल अर्धवट असते, किंवा तुम्ही आताच्या व्हर्जनपेक्षा जुनं टाकून राहिले, जे बरेच बोर्ड घेत नाहीत. आणखी एक, फार जुन्या व्हर्जनवरून एकदम नव्यावर कधीकधी जाता येत नाही, मधली एक पायरी लागते, ते सपोर्ट पानावर त्या व्हर्जनच्या खालीच बारीक अक्षरात लिहिलेलं असते आणि ते कोणीच वाचत नाही, मीही पहिल्यांदा नव्हतं वाचलं. नाकारलेली फाईल जबरदस्तीनं घुसवायचे जुगाड यूट्यूबवर सापडतील, त्या नादी लागू नका.

यस दाबायच्या आधी

बायोसच्या एकेका पानाचा मोबाईलनं फोटो काढा, बूटचं पान आणि साटाचं (हार्डडिस्क जोडणीचं) पान तर नक्कीच, कारण अपडेटनंतर सेटिंग पुसल्या जातात. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर तो सस्पेंड करा आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. लॅपटॉपवर तुम्ही चालू केला नसला तरी तो चालू असू शकतो.

आता लाईन. इथं मी स्वतः मार खाल्ला आहे. जून महिना, हवाधुंद सुटली होती, केंद्राचा कॉम्प्युटर, यूपीएस होता म्हणून मी निवांत. ६० टक्क्यांवर लाईन गेली, यूपीएसनं एक टी... करून आवाज काढला आणि त्याच्यासोबत स्क्रीन बी गेली. बॅटरी चार वर्षांची होती, आतून कधीच मेली होती, लाईन होती म्हणून समजलं नव्हतं. बोर्ड घेऊन बसनं अमरावतीला गेलो, तिथल्या मिस्त्रीनं चिपवर चिमटा लावून प्रोग्रामर नावाच्या यंत्रानं बायोस पुन्हा लिहिला. जाण्या-येण्यात अन् थांबण्यात तीन दिवस केंद्र बंद, आणि पीक विम्याच्या फॉर्मचे दिवस, कास्तकार दारावरून वापस.

म्हणून आता आधी कॉम्प्युटर चालू ठेवून यूपीएसचा प्लग भिंतीतून उपटतो. दहा मिनिटं टिकला तरच पुढं. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावर यूपीएस मोडचा खटका असतो तो टाका, नाहीतर लाईन गेल्यावर बॅटरीवर यायला जो उशीर लागते तेवढ्यात डेस्कटॉप रिस्टार्ट होते. मोटारपंपांची थ्री फेज यायच्या-जायच्या वेळेला करू नका, आमच्याकडं त्या वेळी बल्ब बी डोळे मिचकावतात. आभाळ भरलं असेल तर उद्या करा. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली पाहिजे आणि चार्जरही लावलेला.

मग यस. त्यानंतर हात मांडीवर. टक्के एका जागी थांबल्यासारखे वाटतात, स्क्रीन काळी होते, पंखे जोरात फिरतात, दोन-तीनदा आपोआप रिस्टार्ट होते, सगळं चालते. नव्या डीडीआर५ च्या बोर्डावर पहिल्यांदा चालू होताना रॅम तपासण्यातच कित्येक मिनिटं जातात. मी घड्याळ लावून अर्धा तास वाट पाहतो, त्याच्या आत पॉवर बटणाकडे पाहत बी नाही.

अर्धा तास झाला, अंधारच आहे

आता बंद करा, वायर काढा, बोर्डावरचा गोल सेल (सीआर२०३२) काढून पाच मिनिटांनी वापस लावा, एकच रॅम ठेवून चालू करून पाहा. बरेचदा एवढ्यातच येते.

नाही आलं तर बोर्डाच्या मागं फ्लॅशबॅकचं बटण आहे काय ते पाहा. ते असेल तर तुमचं नशीब चांगलं, कारण ते प्रोसेसर-रॅमशिवायही चिप लिहिते. फाईलचं नाव बदलावं लागते, गीगाबाइटला गीगाबाइट.बिन, एमएसआयला एमएसआय.रॉम, एसरॉकला क्रिएटिव्ह.रॉम (नाव इंग्रजीतच), आसूसला फाईलसोबतच नाव बदलणारं छोटं सॉफ्टवेअर येते. कॉम्प्युटर बंद, पण सप्लाय चालू, पेनड्राईव्ह फक्त खूण केलेल्या पोर्टमध्ये, बटण तीन सेकंद दाबा. लाईट लुकलुकत राहिला तर काम सुरू आहे, विझेपर्यंत थांबा. आसूसमध्ये पाच सेकंदात लाईट एकसारखा जळत राहिला तर त्याला फाईल वाचता आली नाही, म्हणजे पुन्हा नाव नाहीतर फॅट३२. एचपीच्या लॅपटॉपवर विंडोज आणि बी दाबून धरून पॉवर दाबली तर त्याची स्वतःची रिकव्हरी सुरू होते. यातलं काहीच नसेल तर शहरातला प्रोग्रामरवाला मिस्त्री. चिप १.८ व्होल्टची असेल तर त्याला अॅडॉप्टर लागते, त्याच्याकडं ते आहे ना हे विचारूनच बोर्ड द्या.

बायोस आला, विंडोज नाही आलं

हे फोटो त्याच्यासाठीच काढले होते. निळी स्क्रीन येऊन "इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाईस" लिहून आलं तर साटा मोड बदलला, एएचसीआय होता की रेड ते फोटोत पाहून तसंच करा. हार्डडिस्कच दिसत नाही असं म्हणत असेल आणि विंडोज जुन्या पद्धतीनं टाकलेलं असेल तर सीएसएम (जुन्या पद्धतीनं बूट करायची सोय) बंद झालं असेल, ते चालू करा. विंडोजचा पिन चालत नसेल तर पासवर्डनं जा आणि पिन नवीन टाका, टीपीएम पुसल्या गेल्यानं तसं होते.

त्या पोट्ट्याचं रात्री साडेअकराला झालं एकदाचं, काकाच्या ८ जीबीच्या पेनड्राईव्हवर. पाच मिनिटांनी पुन्हा फोन, "भौ, आता नेट चालू हाय पण एकबी साईट उघडून नाही राहिली, सगळीकडं कनेक्शन सुरक्षित नाही म्हणते." म्हटलं खाली कोपऱ्यात तारीख पाह्य. तारीख २०१९ ची होती, बोर्डाचा सेल संपला की असंच होते. तारीख नीट करून घेतली त्याच्याकडून, आणि दुसऱ्या दिवशी घड्याळवाल्याकडून नवा सेल आणून टाकायला सांगितला.