विद्यापीठातील ग्रंथालय आणि शैक्षणिक साहाय्य : पुरेपूर उपयोग कसा करून घ्यावा

पुण्यात शिकायला आलेल्या विद्यार्थ्याची राहण्याची सोय झाली की अभ्यासिकेचा शोध सुरू होतो. पेठांमधील खासगी अभ्यासिकेत महिन्याचे भाडे भरले की खुर्ची, दिवा, वाय-फाय आणि शांतता मिळते, आणि स्वतःची पुस्तके घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्याला तेवढे पुरतेही. पदवी किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मात्र ग्रंथ, नियतकालिके आणि विचारायला जाणकार माणूस लागतो. या तिन्ही गोष्टी आपल्याच संस्थेत असताना केवळ जागेसाठी बाहेर पैसे मोजण्याची घाई करू नये.

प्रवेश झाल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यातच ग्रंथालयाचे ओळखपत्र करून घ्यावे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विभागांत शिकणाऱ्यांसाठी पहिले कुलगुरू डॉ. मु. रा. जयकर यांच्या नावाचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे. संलग्न महाविद्यालयातील विद्यार्थ्याने आरंभ आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयापासून करावा. देवघेव विभागात एकावेळी किती पुस्तके मिळतात, किती दिवसांसाठी मिळतात, मुदत ऑनलाइन वाढवता येते का आणि परीक्षेच्या काळात अभ्यासिकेची वेळ वाढते का, हे विचारून घ्यावे. पुस्तकपेढीची चौकशीही त्याच वेळी करावी, कारण पूर्ण सत्रासाठी मिळणाऱ्या क्रमिक पुस्तकांचे संच मोजके असतात आणि उशिरा अर्ज करणाऱ्याच्या वाट्याला बहुधा जुन्या आवृत्त्या येतात.

बहुतेक विद्यार्थी ग्रंथालयाच्या संगणकीय तालिकेत, म्हणजे ओपॅकमध्ये, शिक्षकांनी सांगितलेल्या पुस्तकाचे नाव टाकतात आणि ते बाहेर गेलेले दिसले की परत फिरतात. त्याऐवजी त्या पुस्तकाचा बोधांक, म्हणजे फळीवरची जागा सांगणारा क्रमांक, टिपून घ्यावा आणि फळ्यांपर्यंत जाण्याची मुभा असेल तर थेट त्या फळीपाशी जावे. ड्यूई दशांश पद्धतीने, म्हणजे विषयांना क्रमांक देऊन, मांडलेल्या ग्रंथालयात अर्थशास्त्र 330 पासून, रसायनशास्त्र 540 पासून आणि मराठी साहित्य 891.46 या क्रमांकाखाली असते. हव्या असलेल्या पुस्तकाच्या शेजारी त्याच विषयावरची, कदाचित अधिक सोपी, पुस्तके सापडतात. मात्र विषय दोन शास्त्रांच्या सीमेवरचा असेल तर एकाच फळीवर विसंबू नये. स्त्रियांच्या श्रमाविषयीचे काही ग्रंथ 331 मध्ये, म्हणजे श्रमाच्या अर्थशास्त्रात असतात, तर काही 305 मध्ये, म्हणजे समाजगटांच्या अभ्यासात. मराठी पुस्तकांची नोंद कुठे देवनागरीत तर कुठे रोमन लिपीत केलेली असते, त्यामुळे दोन्ही प्रकारे शोधल्याशिवाय पुस्तक नाही असे मानू नये. एवढे करूनही ते न मिळाल्यास आंतरग्रंथालयीन देवघेवीने, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयातून, मागवता येईल का, हे ग्रंथपालांना विचारावे. ही सोय अनेक ठिकाणी असते. ती मागणारे विद्यार्थी थोडे असतात, इतकेच.

शोधनिबंधांसाठी स्वतःच्या खिशातून पैसे भरण्यापूर्वी संस्थेची सदस्यता तपासावी. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या योजनेतून 2025 पासून 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके सरकारी व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्थांना खुली झाली आहेत. अनुदानित महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी एन-लिस्टचे, म्हणजे महाविद्यालयांसाठीच्या ई-साहित्य सेवेचे, खाते ग्रंथपालांकडून मागून घ्यावे. त्यावरून घरबसल्याही ई-पुस्तके वाचता येतात. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे पीएच.डी. प्रबंधांचे भांडार तर कोणालाही विनामूल्य उपलब्ध आहे. प्रकल्पाचा विषय ठरवताना तेथील प्रबंधातील पूर्वसंशोधनाचा आढावा आणि संदर्भसूची आधी वाचावी, कारण कोणते मूळ ग्रंथ पाहायचे हे त्यातून कळते. प्रबंधांचा दर्जा सारखा नसतो, त्यामुळे त्यातील निष्कर्ष पडताळल्याशिवाय उचलू नयेत. उतारे उचलण्याचा तर प्रश्नच नाही.

शिक्षकांकडे जाताना ‘सर, हे प्रकरण समजले नाही’ एवढेच सांगितल्यास त्यांना संपूर्ण प्रकरण पुन्हा शिकवण्यावाचून मार्ग राहत नाही, आणि तेवढा वेळ त्यांच्याजवळ नसतो. गणित कोणत्या पायरीवर अडले किंवा लेखातील कोणत्या परिच्छेदाचा अर्थ लागला नाही, हे वहीत दाखवून विचारावे. शाळेत मराठी माध्यम असलेल्यांना पहिल्या वर्षी इंग्रजी पाठ्यपुस्तके जड जातात. अशांनी मराठीतील प्रकरण आधी वाचून मग इंग्रजी वाचायला घ्यावे आणि परिभाषेची स्वतःची यादी करत जावे. महाविद्यालयात मागे पडणाऱ्यांसाठी उपचारात्मक वर्ग भरत असतील तर त्यांना जाण्यात कमीपणा मानू नये. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचे अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात आणि परीक्षेसाठी शुल्क पडते. मात्र त्यांचे श्रेयांक (क्रेडिट) आपल्या पदवीत धरले जाणार का, हे नाव नोंदवण्यापूर्वी विभागाकडून लेखी विचारून घ्यावे.

पैशांच्या ओढाताणीमुळे अभ्यासाला वेळ मिळत नसेल तर विद्यार्थी विकास मंडळाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेची चौकशी करावी. काम आवारातच मिळाले तर जाण्या-येण्याचा वेळ वाचतो.

दिव्यांग विद्यार्थ्यांना दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार शिक्षणात आवश्यक त्या सोयी मिळण्याचा हक्क आहे, आणि वाचन-लेखनातील विशिष्ट अध्ययन अक्षमतेचाही त्या कायद्यात समावेश आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिकाची, म्हणजे सांगितलेली उत्तरे लिहून देणाऱ्याची, सोय आणि परीक्षेच्या प्रत्येक तासामागे किमान 20 मिनिटांचा अतिरिक्त वेळ मिळू शकतो. दृष्टिबाधितांना ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयातून त्यांना वाचता किंवा ऐकता येतील अशा स्वरूपातील पुस्तके मिळतात. लेखनिकाचा अर्ज परीक्षेच्या आदल्या आठवड्यापर्यंत लांबवू नये. परीक्षेचा अर्ज भरतानाच तो प्रमाणपत्राच्या प्रतीसह द्यावा, पोच घ्यावी आणि मंजुरीचे पत्र परीक्षा केंद्रावर सोबत ठेवावे.