गिऱ्हाईक आधी, मशीन नंतर: गावात धंदा सुरू करताना या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्यात बचत गटांच्या बायकांसोबत काम करताना मला १४ वर्षं झाली. नवीन कुणाचा फोन आला की पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "ताई, सबसिडी कशाला मिळते?" काय विकायचं, कोणाला विकायचं, रोज किती होईल, हे सगळं त्यानंतर. मला याचा खरोखर त्रास होतो, कारण या प्रश्नापासून सुरू झालेले धंदे बंद पडताना मी फार पाहिलेत. आणि धंदा बंद पडला तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही.

एका गावात दहा जणींचा गट होता. कडक भाकरी करायच्या. मालदांडी ज्वारीचं पीठ, वरून तीळ, पातळ थापून तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर कडक करायची. आठवड्याला दोन-अडीचशे भाकरी जायच्या. तालुक्याच्या गावातला एक दुकानदार ठरलेला होता, तो शनिवारी माल उचलायचा आणि रोख पैसे द्यायचा. चांगलं चाललं होतं. मग कुणीतरी डोक्यात घातलं की हातानं थापून कुठं धंदा मोठा होतो का, मशीन घ्या. एका एजंटानं प्रस्ताव तयार करून दिला, कर्ज मंजूर झालं, टेम्पोतून मशीन आलं. बायकांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. आणि मग कळलं की मशीनला थ्री फेज लागतं. ज्या घरात ते उतरवलं तिथं सिंगल फेज होतं.

नवीन कनेक्शन यायला चार महिने गेले. ते आल्यावर दुसरी अडचण निघाली. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, उकड नीट झाली नाही तर ते तुटतं. बाईचा हात हे ओळखतो, पाणी कमी-जास्त करतो. मशीनमधून निघणारी भाकरी एक तर जाड यायची, नाहीतर कडेला फाटायची. जाड भाकरी कडक झाली की दाताला लागते. सोलापूरच्या गिऱ्हाइकाला ती चालत नाही. शिवाय एका वेळी जेवढं पीठ घातल्याशिवाय मशीन नीट चालत नव्हतं, तेवढ्या भाकऱ्या त्यांच्या आठवड्याभरातही खपत नव्हत्या.

पण मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. "मशीन येणारच आहे की आता" म्हणून त्यांनी मधल्या काळात हातानं भाकरी करणं बंद केलं होतं. दुकानदारानं दोन शनिवार वाट पाहिली आणि दुसरीकडून माल घ्यायला लागला. नऊ महिन्यांनी मशीन निम्म्याहून कमी किमतीत गेलं. त्याचं नुकसान हप्त्या-हप्त्यानं फिटलं. हातचं गिऱ्हाईक परत मिळवायला दीड वर्ष लागलं.

अनुदान वाईट असतं असं मी म्हणत नाही. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून २०२० नंतर कितीतरी घरगुती उद्योग उभे राहिले. पण ते पैसे कसे येतात ते आधी समजून घ्या. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आणि तेही बँकेच्या कर्जाला जोडलेले. ती रक्कम तुमच्या हातात पडत नाही. बँकेत वेगळ्या खात्यात राहते आणि तीन वर्षांनी, धंदा चालू असेल आणि हप्ते नियमित असतील तर, कर्जात वळती होते. म्हणजे पहिली तीन वर्षं तुमची तुम्हालाच ओढायची आहेत. ती ओढण्याइतकी विक्री नसेल तर अनुदानाचा काही उपयोग होत नाही.

माझी पद्धत साधी आहे. पहिले तीन महिने मी मशीनचा विषयच काढू देत नाही. एक शंभर पानी वही करायला लावते. त्यात ज्यानं माल दुसऱ्यांदा घेतला त्याचंच नाव लिहायचं. पहिल्यांदा घेणारे ओळखीनं घेतात, कौतुकानं घेतात. दुसऱ्यांदा येतो तो मालासाठी येतो. अशी २५ नावं झाली की पुढचं बोलायचं. मग मशीनवाल्याकडे जाताना आपलं पाच किलो पीठ सोबत न्यायचं, त्याच्यासमोर त्याच्या मशीनवर चालवायचं आणि निघालेला माल घरी आणून गिऱ्हाइकाला खायला घालायचा. तो "नंतर दाखवतो" म्हणाला तर परत यायचं. शक्य असेल तिथं दुसऱ्याच्या मशीनवर मजुरी देऊन काम करून घ्यायचं. घाई झालेल्या लोकांना हे पटत नाही. त्यांना तीन महिने फुकट गेल्यासारखे वाटतात.

लिज्जतचं उदाहरण सगळेच देतात. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली, हे खरंच आहे. पण पहिल्या दिवशी पापडाची फक्त चार पाकिटं झाली होती, हे सांगायचं राहून जातं. आणि आजही तिथल्या बायका पापड हातानंच लाटतात.

दुसरी चूक भावाची. ही मला जवळजवळ प्रत्येक घरात दिसते. एक काकू शेंगाचटणी करायच्या, चव अशी की नुसती खावी. २४० रुपये किलोनं विकायच्या आणि म्हणायच्या, "ताई, किलोमागं पंचवीसेक रुपये सुटतात." मी त्यांच्याच ओट्यावर बसून हिशेब मांडला. शेंगदाणे १४० रुपये. भाजून, साल काढून किलोचे नऊशे ग्रॅमच उरतात. लसूण, मिरची, जिरं, मीठ ४५. गॅस आणि कांडप १५. चार पाकिटं लेबलासकट १६. झाले २१६. खरोखर २४ रुपये सुटत होते. मग विचारलं, दिवसाला किती होते? पाच किलो, त्या आणि सून मिळून. म्हणजे दोघींच्या अख्ख्या दिवसाचे १२० रुपये. त्याच दिवसात दोघी खुरपायला गेल्या असत्या तर ६०० मिळाले असते.

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "घरच्या माणसाची मजुरी कोण धरतंय?"

इथंच सगळं चुकतं. बायकांना हिशेब येत नाही असं कुणी म्हणालं तर मला राग येतो. म्हसवडच्या माणदेशी या बायकांच्या सहकारी बँकेला रिझर्व्ह बँकेनं पहिल्यांदा परवाना नाकारला तो सभासद बायका निरक्षर आहेत म्हणून. त्याच बायका परत गेल्या आणि सांगितलं, रकमा सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो. १९९७ साली बँक उभी राहिली. हिशेब पक्का असतो, त्यात स्वतःचे कष्ट तेवढे धरलेले नसतात. काकू आणि सून, दोघींची मजुरी धरली तर किलोला ३३६ रुपये नुसता खर्च होता. त्यात दुकानदाराचे विक्रीच्या किमतीवर २० टक्के धरले की भाव ४२०. पाव किलोचं पाकीट ११० रुपयांना लावा म्हटलं तर त्या घाबरल्या. लावलं. नात्यातली आठ-दहा गिऱ्हाइकं तुटली, हायवेवरची दोन दुकानं टिकली. आता सुनेला महिन्याला तिच्या नावानं पैसे मिळतात.

बाकीच्या चुका थोडक्यात.

प्रदर्शनातल्या विक्रीवरून बाजार ठरवू नका. मुंबईच्या सरस, म्हणजे बचत गटांच्या मालाच्या प्रदर्शनात पाच दिवसांत संपलेला माल गावी परतल्यावर महिनाभर पडून राहतो.

घराचा आणि धंद्याचा पैसा एकाच खात्यात ठेवू नका. क्यूआर कोड वेगळ्या खात्याचा लावा, नाहीतर शाळेची फी आणि शेंगदाण्याचे पैसे एकातच जातात.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते. त्यासाठी कुणी दोन हजार मागत असेल तर देऊ नका.

अन्न नोंदणीचा (एफएसएसएआय) १४ आकडी क्रमांक, वजन, किंमत, तयार केल्याचा दिनांक, घटक, पत्ता आणि फोन पाकिटावर हवाच. पाचशे रंगीत लेबलं छापण्याआधी पन्नास साधी छापा. पहिल्या खेपेला काहीतरी चुकतंच.

शेजारणीचं पाहून तोच धंदा काढू नका. एका गल्लीत तीन शेवयांची मशीनं मी पाहिली आहेत, तिन्ही झाकून ठेवलेली.

आणि "चटणी पंधरा दिवसांत खवट होते, काय घालू?" असं विचारणाऱ्यांना सांगते की घालायचं काही नाही. चटणी गरम असताना भरू नका, आत वाफ धरते. परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, हात आणि चमचा कोरडा ठेवा. सील केलेली पाकिटं रात्री वर्तमानपत्रावर सीलची बाजू खाली करून उभी ठेवा. सकाळी ज्या पाकिटाखाली कागदावर तेलाचा डाग दिसेल, त्याचं सील नीट बसलेलं नाही. ते पाकीट फोडून परत भरा.