चैत्र-वैशाखातला समुद्र : आपल्याकडून बोटीवर कामाला जाणाऱ्या पोरांसाठी

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या पाण्याकाठच्या आमच्या गावांतली पोरं आता रत्नागिरी, मालवणकडे बोटीवर कामाला जायचं म्हणतात. ढिवराच्या, म्हणजे आमच्याकडच्या मासेमाराच्या, घरात वाढलेल्याला पोहणं, वल्हं, जाळं शिकवावं लागत नाही आणि तिकडे त्याचा खरंच उपयोग होतो. मी स्वतः वैनगंगेत डोंग्यावर वाढलो. कोकणात आधी खलाशी म्हणून राबलो, मग पर्यटकांच्या होडीचं सुकाणू धरलं, आणि आता गावी परतून धरणाच्या पाण्यात नाव चालवतो. पगार किती, राहायची सोय कशी, जेवायला काय, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. हवामानाबद्दल कुणी शेजारी बसवून सांगत नाही. म्हणून हे सगळं त्याबद्दल, आणि तेही होळीपासून मेअखेरपर्यंतच्या हवामानाबद्दल. ऊन लख्ख असतं, आभाळ निळं असतं, आणि नवा माणूस नेमका याच दिवसांत समुद्राला शांत समजतो.

आपल्याकडे उन्हाळ्यात पाण्यावरच्या माणसाला धाक असतो तो आभाळाचा. मार्च-एप्रिलमध्ये बंगालच्या उपसागराकडून ओलसर वारं येतं, उत्तरेकडून कोरडं येतं, खाली जमीन तापलेली असते. दुपारनंतर ढग उभे चढत जातात, आणि मग वावधन म्हणजे वादळी वारा, विजा, कधी गारपीट. पावसाच्या आधी गार वाऱ्याचा जो झोत येतो, तो ढगातून खाली कोसळलेल्या थंड हवेचा असतो आणि नाव उलटते ती बहुतेक त्याच झोताने. आपल्या बापजाद्यांनी हे ओळखायला शिकवलंय : मावळतीला काळं दिसलं, झाडाचं पान हलायचं थांबलं, की काठ धरायचा. ही सवय मोलाची आहे, सोडू नका. पण कोकणच्या किनाऱ्यावर याच महिन्यांत आभाळ बघून फार काही कळत नाही. तिथे घड्याळ बघावं लागतं, तिथी बघावी लागते, आणि पाणी बघावं लागतं.

आधी घड्याळ. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, परीक्षेपुरते. किनाऱ्यावर अख्खा दिवस त्यांच्या हिशेबाने चालतो. रात्री जमीन निवते, म्हणून पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मंद वारा वाहतो, तो मतलई. पाणी सपाट असतं. सूर्य वर आला की जमीन भराभर तापते, समुद्र मागे राहतो, आणि अकरा-बाराच्या सुमारास वारा फिरतो. वायव्येकडून यायला लागतो. तीन-चार वाजेपर्यंत तो १५-२० नॉटला पोचणं ही तिथली रोजची गोष्ट आहे. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, तोंडी हिशेब करायचा तर आकडा दुप्पट करून थोडा कमी करा. साधारण १०-१२ नॉटपासून लाटांच्या माथ्यावर फेस दिसू लागतो. दूरवर पाण्याचा रंग गडद झाला आणि त्यात पांढरे ठिपके उमटले, की वारा तुमच्यापर्यंत पोचायला थोडाच वेळ उरलाय असं समजा.

महिन्यागणिक हा वारा बदलतो, तेही ध्यानात ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळ झाली की तो मावळतो आणि परतीची वाट सोपी होते. एप्रिल संपता संपता तो सूर्यास्तानंतरही टिकतो, पहाटेचा मतलई क्षीण होत जातो, आणि मेच्या शेवटी वारा पश्चिम-नैऋत्येकडे सरकू लागतो. मार्चमध्ये शिकलेला तासांचा हिशेब मे महिन्यात तसाच वापरायचा नाही. जुने तांडेल, म्हणजे नावेचे प्रमुख, हे बोलून दाखवत नाहीत. ते फक्त रोज थोडं लवकर निघतात आणि थोडं लवकर परततात. त्यांच्या निघायच्या वेळेकडे लक्ष ठेवा.

आता तिथी. आपल्या धरणाला भरती-ओहोटी नाही, त्यामुळे आपल्याकडच्या पोराला ही गोष्ट सगळ्यात परकी वाटते. पण घरी पंचांग असतंच, आणि किनाऱ्यावर एक जुना हिशेब चालतो : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब मुंबईला चांगला जमतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते. नेमकी वेळ छापील भरती-कोष्टकात किंवा फोनवर बघावीच, पण तिथी डोक्यात असली की कोष्टक वाचताना चूक लगेच लक्षात येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण म्हणजे मोठी भरती-ओहोटी, अष्टमीच्या आसपास भांग म्हणजे लहान. उधाणाला मुंबईकडे पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास.

घड्याळ आणि तिथी एकत्र मांडली की जे दिसतं, ते माझ्या मते या सगळ्यातलं सर्वांत महत्त्वाचं आहे. हनुमान जयंती घ्या, म्हणजे चैत्र पौर्णिमा. पंधरावी तिथी, म्हणून भरती सव्वाअकराच्या सुमारास, ओहोटी साडेपाचच्या सुमारास. म्हणजे खाडीतलं पाणी सगळ्यात जोरात बाहेर धावतं ते अडीच-तीन वाजता, आणि उधाणाचं असल्यामुळे ते आणखीच जोरात. त्याच वेळी वायव्येचा वारा भरात असतो आणि तो समुद्राकडून खाडीत शिरतो. पाणी बाहेर, वारा आत. दोघांची टक्कर खाडीच्या मुखाशी होते, जिथे वाळूचा दांडा असतो आणि खोली कमी असते. लाटा आखूड होतात, उभ्या होतात, एकामागून एक फुटतात. तासाभरापूर्वी आरामात ओलांडलेलं मुख त्या वेळी छोट्या नावेला झेपत नाही. आभाळ मात्र निळंच असतं. उलट अष्टमीला दुपारी पाणी आत येत असतं, वाराही आत, आणि तोच वारा असूनही मुख बरंच सोपं जातं. म्हणून नोकरीवर लागल्यावर पहिल्या आठवड्यात तांडेलाला विचारा : आपल्या खाडीचं मुख कुठल्या तिथीला, किती वाजता बंद समजायचं? चांगला तांडेल लगेच सांगतो. सांगायला टाळाटाळ करणाऱ्याच्या नावेवर जाताना मी तरी दोनदा विचार करीन.

तिसरं, पाणी. आपल्या धरणात लाट उठते ती समोरच्या वाऱ्याने, आणि वारा थांबला की थोड्या वेळात बसते. पाण्याचा पसारा काही किलोमीटरचा, त्यामुळे लाट आखूड. समुद्रात वारा शेकडो किलोमीटर पाण्यावरून वाहतो, आणि लाट त्याच्याही पुढे निघून जाते. एप्रिल-मेमध्ये दक्षिण हिंदी महासागरात, विषुववृत्तापासून फार खाली, वादळं होतात. तिथे उठलेल्या लाटा काही दिवसांनी आपल्या पश्चिम किनाऱ्याला येऊन लागतात. इथे वारा नाही, ढग नाही, तरी समुद्र फुगतो. केरळचे मच्छीमार याला कल्लक्कडल म्हणतात, पण कोकणालाही तो लागतो. मे २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाही त्याचा इशारा दिला गेला होता.

ही लाट ओळखायची तर दोन माथ्यांमधले सेकंद मोजा. वाऱ्याने उठलेली लाट चार-सहा सेकंदांनी येते. लांबून आलेली पंधरा-वीस सेकंदांनी. खोल पाण्यात ती जाणवतही नाही, नाव सावकाश वर-खाली होते इतकंच. उथळ पाण्यात आल्यावर ती चढते आणि किनाऱ्यावर जोरात फुटते. त्यामुळे धोका होडी वाळूला लावताना, प्रवासी उतरवताना, आणि नांगरलेल्या नावा एकमेकींवर आदळताना असतो. इशारा असेल त्या दिवशी नावांमध्ये अंतर ठेवून नांगर टाकायचा, आणि वाळूवर लावायची घाई करायची नाही.

मेमध्ये चक्रीवादळंही येतात. ‘तौक्ते’ मे २०२१ मध्ये कोकण किनाऱ्याला समांतर वर गेलं. ‘निसर्ग’ ३ जून २०२० ला रायगडात जमिनीवर आलं. अशा वेळी बंदरावर धोक्याच्या इशाऱ्याचा बावटा लागतो. एकूण अकरा क्रमांक आहेत. एक नंबर म्हणजे दूर समुद्रात काहीतरी घडतंय. तीन नंबर म्हणजे बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका आहे. तीन नंबर लागल्यावर मालक जा म्हणाला तरी जायचं नाही. हे मी ठामपणे सांगतो.

माहिती कुठून घ्यायची तेही लिहितो. हवामान खात्याचं मच्छीमारांसाठीचं बुलेटिन रोज निघतं. त्यात ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वारा लिहिला असेल तर तो समुद्रात न जाण्याचा सल्ला समजा. लाटांची उंची, त्यांचे सेकंद आणि लांबून येणाऱ्या लाटांचे इशारे हैदराबादची इन्कॉइस संस्था देते. निघण्याआधी दोन्ही बघायचं, आणि एक नजर परतीच्या वेळेच्या अंदाजावर टाकायची, कारण नवखा माणूस फक्त निघायच्या वेळेचं हवामान बघतो. नावेवर व्हीएचएफ रेडिओ असेल तर संकटात चॅनल १६. फोन लागत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. लाइफ जॅकेट अंगात, बाकाखाली नको. पोहता येतं म्हणून आपली पोरं ते घालायला कचरतात. वैनगंगेतलं पोहणं आणि ओहोटीच्या ओढीतलं पोहणं यांत फार अंतर आहे.

शिकायचं असेल तर वाटा आहेत. मत्स्यव्यवसाय विभागाच्या किनाऱ्यावरच्या प्रशिक्षण केंद्रांत नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिनाचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण असतं, त्याला पोहता येणं लागतं. प्रवेशाच्या अटी आपल्या जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्या, सोबत मच्छीमार सोसायटीच्या सभासदत्वाचे कागद न्या. दहावीला गणित-विज्ञान बरं असेल तर कोचीच्या सिफनेट या केंद्र सरकारच्या मत्स्यव्यवसाय प्रशिक्षण संस्थेचा व्हेसल नॅव्हिगेटर (नौकानयनाचा) कोर्स दोन वर्षांचा आहे. पर्यटकांच्या बोटीवर जायचं असेल त्याने गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेचे पॉवरबोट आणि जीवरक्षकाचे कोर्स बघावेत. समुद्र नको, पण पाण्यातच शिकायचंय, त्याला नागपूरला तेलंगखेडीचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय जवळ आहे.

तिकडून शिकून परत येणाऱ्यांनाही एक सांगायचंय, कारण मी ते रोज करतो. समुद्रावरची वारा मोजायची, निघण्याआधी परतीचा अंदाज बघायची सवय इथे धरणावर तशीच ठेवा, आणि वर आपला जुना आभाळाचा धाक पुन्हा जोडा. वीज चमकली की सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे, लगेच काठ धरा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात उतरू नका. फोनमध्ये दामिनी ॲप ठेवा, जवळ पडणाऱ्या विजांची सूचना ते देतं.

जायचं ठरवलं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत जा. वारा सौम्य असतो, आणि मार्च, एप्रिल, मे असा तो कसा चढत जातो हे एका मोसमात डोळ्यांदेखत बघायला मिळतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, पर्यटकांच्या होड्याही मेअखेरीस वर ओढतात, तेव्हा धानाच्या रोवणीला घरी परतता येतं.