मेंढा कळपात सोडण्याआधी त्याची डीएनए चाचणी: खान्देशातील मेंढी-शेळीपालकांसाठी ज्येष्ठ-आषाढाचा सल्ला

पहिला पाऊस पडला की माळावर हिरवं फुटतं आणि पंधरा दिवसांत मेंढ्या माजावर येऊ लागतात. १ जुलैच्या सुमारास लागलेली मेंढी साधारण १५० दिवसांनी, म्हणजे नोव्हेंबरअखेर विते. त्यामुळे पैदाशीचा मेंढा किंवा बोकड आत्ताच ठरवायला हवा. मेंढा कळपात सोडून झाल्यावर चाचणीचा अहवाल हाती आला, तर त्या हंगामापुरता तो कागदच.

आधी निवड, मग चाचणी. वाढ, दूध, काटकपणा हे गुण अनेक जनुकांच्या मेळातून येतात. एका चाचणीत त्यांचा निकाल लागत नाही. तिथे ९० व्या दिवसाचं वजन आणि आईची नोंद हाच आधार. आपल्याकडे उलटं घडतं: सगळ्यात भरलेला नर बकरी ईदच्या बाजारात चढ्या भावाने जातो आणि उरलेला किरकोळ नर कळपात पैदाशीला राहतो. असं चार-पाच वर्षं चाललं की कळपातली जनावरं आपोआप लहानखुरी होत जातात. जुळ्यातले, चांगली वाढ असलेले तीन-चार नर विक्रीआधीच बाजूला काढा आणि चाचणी फक्त त्यांचीच करा. सगळ्या मेंढ्या तपासायची गरज नाही. एक मेंढा २५ ते ३० मेंढ्यांना पुरतो, म्हणून खर्च नरावर करावा.

मेंढ्यांत सगळ्यात उपयोगी ठरलेली चाचणी फेकबी (FecB) या, जुळी देणाऱ्या जनुकाची. हे जनुक बंगालच्या सुंदरबनातल्या गारोळ मेंढीत आढळतं. मेंढी लहानखुरी, पण जुळी-तिळी देणारी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ते दख्खनी मेंढीत आणलं आणि त्यातून 'नारी सुवर्णा' तयार झाली. या जनुकात नेमका कुठे बदल आहे ते २००१ मध्ये कळलं. त्यामुळे आता कोकरू लहान असतानाच रक्तावरून सांगता येतं की त्याच्याकडे या जनुकाच्या दोन प्रती (एक आईकडून, एक बापाकडून) आहेत, एक आहे की एकही नाही. मेंढा तर वीत नाही, त्यामुळे त्याच्यातला हा गुण नुसत्या डोळ्यांनी दिसणं शक्यच नाही.

हिशेब असा. दोन प्रती असलेला मेंढा आपल्या साध्या दख्खनी मेंढ्यांना लावला, तर प्रत्येक कोकराला एक प्रत मिळते. एक प्रतवाला मेंढा लावला, तर अंदाजे निम्म्यांनाच मिळते आणि कोणत्या निम्म्यांना ते पुन्हा तपासावं लागतं. म्हणून विकत घेताना दोन प्रतींचा मेंढा मागा आणि अहवालावरचा क्रमांक कानातल्या बिल्ल्याशी स्वतः ताडून बघा. मेंढीला मात्र एक प्रत पुरे. दोन प्रतींच्या मेंढीत तिळ्यांचा धोका वाढतो आणि फिरत्या वाड्यावर (मेंढपाळांच्या तळावर) तिसरं कोकरू जगवणं फार अवघड. म्हणून एक प्रतवाल्या मेंढ्यांना पुढे साधा, चांगल्या वाढीचा दख्खनी मेंढा लावावा.

नमुना घेताना होणाऱ्या चुका नेहमीच्याच. रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत २ ते ३ मिली घ्यावं आणि नळी लगेच आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करावी. जोराने हलवू नये. न हलवता ठेवली तर रक्त गोठतं. नळीवर बिल्ल्याचा क्रमांक लिहा. 'काळा मेंढा' एवढंच लिहिलं तर प्रयोगशाळेत त्याचा काही उपयोग नाही. जूनमधल्या जळगाव-भुसावळच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीत नमुना तासाभरात खराब होऊ शकतो. थर्मासमध्ये बर्फाची पिशवी ठेवा, पण नळी कापडात गुंडाळून, बर्फाला टेकू न देता. केस पाठवायला सांगितले असतील, तर मुळासकट २५-३० केस उपटून कोरड्या कागदी पाकिटात घाला. कात्रीने कापलेली लोकर चालत नाही, कारण चाचणीला लागणारा डीएनए मुळाशी असतो. रक्त काढायला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.

आता शेळ्यांकडे. इथे एक खूण प्रयोगशाळेशिवाय वाचता येते: शिंगं. भुंडेपणाचं जनुक प्रबळ आहे, पण त्याच्यासोबत एक दोष येतो. दोन्ही पालकांकडून ते मिळालेली मादी बहुतेक वेळा ना मादी राहते ना नर. भुंडा बोकड भुंड्या शेळीला लावला आणि दोघांकडे एकेक प्रत असली, तरी जन्मणाऱ्या पाठींपैकी (मादी करडांपैकी) सुमारे एक चतुर्थांश अशा वांझ निघू शकतात. शेपटी उचलून योनी बघा: खालच्या टोकाला वाटाण्याएवढी गाठ दिसली, तर ती पाठ पैदाशीला ठेवू नका, मांसासाठी वाढवा. उपाय सोपा आहे. भुंड्या शेळ्यांना शिंगवालाच बोकड लावा, मग हा दोष येत नाही. नुकत्या जन्मलेल्या करडाचं डोकं ओलं असतानाच बघा: शिंगांच्या जागी केसांचे दोन भोवरे असले तर शिंगं येणार, मधोमध एकच असला तर करडू भुंडं. मेंढ्यांत हा दोष नसतो, त्यामुळे ही काळजी फक्त शेळ्यांसाठी.

जुळी देणारं जनुक आणलं की खुराकाची जबाबदारीही येते. साध्या मेंढ्यांना मेंढा सोडण्याआधी दोन-तीन आठवडे रोज २०० ते २५० ग्रॅम मका किंवा ज्वारीचा भरडा द्यावा, म्हणजे माज नीट येतो. फेकबीवाल्या मेंढ्यांना हा जादा खुराक या वेळी नको, तिळी वाढतात. त्यांचा खुराक शेवटच्या ४५ दिवसांसाठी राखा: रोज २५० ते ३०० ग्रॅम, सोबत ज्वारीचा कडबा आणि हरभऱ्याचा भुसा. पोटातल्या कोकराचं बहुतेक वजन याच काळात वाढतं. जुळ्यांची गाभण मेंढी खाणं सोडून कळपापासून बाजूला उभी राहू लागली, तोंडाला गोडसर वास आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. उशीर झाला तर मेंढी जाते.

विण्याचा काळ डिसेंबरच्या थंडीत येतो आणि धुळ्याची थंडी दोन किलोच्या कोकराला सोसत नाही. पहिल्या दोन तासांत त्याला १०० मिली आणि दिवसभरात ४०० मिली चीक पोटात गेलाच पाहिजे. जुळ्यांपैकी दुबळ्याला धरून आधी पाजा, धट्टं कोकरू आपलं आपण पितं. साक्री-शिंदखेड्याकडचे ठेलारी मेंढपाळांचे वाडे त्या दिवसांत चराईसाठी बाहेर असतात. तेव्हा जुळ्यांच्या मेंढ्या विण्याच्या आधी आठवडाभर गावातच थांबवून, गोणपाट लावलेल्या आडोशात ठेवाव्यात.

चाचणी झालेला चांगला मेंढा मोह पडून चार वर्षं ठेवला जातो. तसं करू नका. त्याच्या लेकी माजावर येण्याआधी, म्हणजे साधारण दीड-दोन वर्षांत, तो दुसऱ्या वाड्याशी अदलाबदलीत द्या आणि सोबत अहवालाची प्रतही द्या.