अँटच्या बिल्डमध्ये वगळायच्या फाइलींची यादी एकदाच लिहा

ज्यांच्या गळ्यात जुना जावा प्रोजेक्ट आणि त्याची अँटची (कोड कंपाइल करून पॅकेज बनवणाऱ्या टूलची) बिल्ड फाइल पडलीये अशा नवीन लोकांसाठी लिहितोय. माझी पहिली नोकरी अशाच प्रोजेक्टवर होती, आणि कुठल्या फाइली वगळायच्या त्या सात-आठ ओळी कंपाइल, जार, झिप अशा प्रत्येक टार्गेटमध्ये (म्हणजे बिल्डच्या प्रत्येक कामात) कॉपी-पेस्ट केलेल्या. मला लोकल सेटिंगचं फोल्डर वगळायला सांगितलं, मी चार ठिकाणी बदल केला, पाचवं राहिलं आणि टेस्ट डेटाबेसचा पासवर्ड झिपमधून थेट क्लायंटकडे गेला. त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मॅन्युअल उघडलं. फाइलसेट म्हणजे फोल्डर आणि नियम दोन्ही, पॅटर्नसेट म्हणजे नुसते नियम. मी आधी फाइलसेटलाच आयडी देऊन सगळीकडे वापरायला गेलो, पण तो एका फोल्डरला बांधलेला, दुसऱ्या मॉड्यूलला कसा लावणार? पॅटर्नसेटला फोल्डरच नसतं, म्हणून एकच पॅटर्नसेट हव्या तेवढ्या फोल्डरांना चालतो, आणि माझ्या मते नव्वद टक्के वेळा तुम्हाला हवा असतो तोच.

आता इथे सगळे अडकतात. रेफआयडी दिला, म्हणजे आयडी देऊन आधी लिहिलेला सेट त्या आयडीने बोलावला, की त्याच टॅगवर दुसरं काही लिहिता येत नाही, अँट सरळ एरर देतं. एका टार्गेटमध्ये एखादी जास्तीची फाइल वगळायची असेल तर साधा फाइलसेट लिहा, त्याच्या आत पॅटर्नसेटचा रेफआयडी द्या आणि शेजारी आपला एक्सक्लूड. पण एक्सक्लूड नेहमी इन्क्लूडवर मात करतो, त्यामुळे कॉमन यादीत, म्हणजे त्या पॅटर्नसेटमध्ये, वगळलेलं नंतर परत आत घेता येत नाही, म्हणून कॉमन यादी आखूडच ठेवा. आणि तिची व्याख्या फाइलीत वर, कुठल्याही टार्गेटच्या बाहेर करा, नाहीतर ती ज्या टार्गेटमध्ये लिहिलीये ते चाललंच नाही तर रेफरन्स सापडत नाही.

पॅटर्नमध्ये एक स्टार एकाच फोल्डरपुरता, खालच्या सगळ्या फोल्डरांत जायला दोन स्टार लागतात, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं!

अजून एक, गिटइग्नोर, एसव्हीएनचं फोल्डर वगैरे व्हर्जन कंट्रोलच्या फाइली अँट न सांगताच वगळतं. सोर्सची झिप द्यायची असेल आणि त्यातली एखादी फाइल हवीच असेल तर त्या फाइलसेटवर डिफॉल्टएक्सक्लूड्स नो करा, आणि पाठवण्याआधी झिप स्वतः उघडून बघा.