बाहेरगावी शेअरिंगची सायकल घेताय? आधी हे वाचून घ्या

गोव्यात रेंट अ बाईक म्हटलं की काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली स्कूटर, भाडं ठरवायचं, पेट्रोल आपलं, आणि उद्या ह्याच वेळेपर्यंत गाडी आपली. ही सवय घेऊन आपली माणसं बंगळूर, मुंबई, लिस्बन, लंडनला जातात, तिथली मिनिटावर भाडं चढणारी शेअरिंगची सायकल घेतात, सकाळपासून जवळ ठेवतात आणि संध्याकाळी बिल बघून डोळे पांढरे करतात. अहो ती जवळ ठेवायची वस्तूच नव्हे. ती फेरीबोटीसारखी आहे, ह्या काठावर चढायचं, त्या काठावर उतरायचं आणि सोडून द्यायचं, बोट कोणी घरी नेत नाही. एवढं डोक्यात बसलं की पैशाचं अर्धं गणित तिथंच सुटतं.

तर कुठल्या अंतराला घ्यायची? पणजीवर मोजून बघा. कदंब बसस्टँडवरून चर्च स्क्वेअर, एवढ्याला काही नको, चाला. स्टँडवरून नदीकाठाने कांपालला कला अकादमीपर्यंत किंवा पुढे मिरामारला, सपाट रस्ता, तीन-चार किलोमीटर, चालायला लांब आणि पायलट, म्हणजे मोटरसायकलची टॅक्सी, करायला जिवावर येतं, हे सायकलचं अंतर. आणि आल्तिन्याच्या टेकडीवर चढायचं असेल तर साध्या सायकलने नको, ई-बाईक तरी घ्या नाहीतर खाली लावून पायी चढा. दुसऱ्या शहरात गेल्यावर पण असंच बघायचं, मॅपवर अंतर बघतो आपण पण चढ बघत नाही, आणि लिस्बन तर सगळं चढउतारावरच वसलंय.

आता प्रकार दोन. एक डॉकवाली, म्हणजे स्टँडच्या खाचेत सायकल अडकवलेली असते, तिथून काढायची आणि दुसऱ्या कुठल्याही स्टँडच्या खाचेत नेऊन लावायची. लंडनची २०१० पासूनची सायकल, लिस्बनची जीरा, आणि आपल्याला जवळचं म्हणजे म्हैसूरचं ट्रिन ट्रिन, जे जून २०१७ मध्ये सुरू झालं, हे सगळे ह्यातले. दुसरी ॲपवाली, खाच-बिच काही नाही, सायकलवरच लॉक, क्यूआर स्कॅन केला की उघडतं, पण सोडायची मात्र ॲपमध्ये दाखवलेल्या झोनमध्येच. बंगळूरला मेट्रो स्टेशनांच्या बाहेर आणि मुंबईत बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ल्याच्या ऑफिसांच्या भागात, दिसते ती युलू ह्या जातीची. त्यांची जी पेडल नसलेली छोटी ई-गाडी आहे तिला लायसन लागत नाही, कारण आपल्याकडे २५ च्या आत स्पीड आणि २५० वॉटपर्यंतची मोटर असेल तर कायद्याने ती मोटार वाहनात धरत नाहीत. लायसन नको म्हणजे नियम नको असं नव्हे, हे बीकेसीत राँग साईडने येणाऱ्यांना कोणीतरी सांगायला हवं.

पैशाचं बघू.

आकडे शहरागणिक वेगळे असतात आणि बदलत राहतात म्हणून मी रेट सांगत बसत नाही, पद्धत सांगतो. समजा अनलॉकचे १० रुपये आणि पुढे मिनिटाला २. स्टेशनवरून ऑफिस १२ मिनिटं, झाले ३४ रुपये, ठीक आहे. आता मधे चहाला थांबलात, सायकल नुसती लॉक करून ठेवली, राईड एंड नाही केली, गप्पा रंगल्या, ४० मिनिटं गेली. ५२ मिनिटांचे झाले ११४ रुपये, एवढ्यात रिक्षा आली असती. तेव्हा थांबायचं असेल तर राईड संपवा, नंतर परत घ्या. मधे दुसरा कोणी घेऊन जाईल ही भीती वाटते खरी, पण बाजूला आणखी चार उभ्या असतात. पॉझ बटण असतं काही ॲपमध्ये, पण पॉझचेही पैसे लागतात का ते आधी वाचायचं.

रोज जाणार असाल तर पास. पासमध्ये बहुतेक ठिकाणी पहिला अर्धा तास किंवा असाच ठराविक वेळ धरलेला असतो आणि त्याच्यापुढे मीटर चालू होतो. लांब जायचं असेल तर वेळ संपायच्या आत वाटेतल्या स्टँडवर सायकल लावायची, जरा पाणी प्यायचं, दुसरी काढायची. ह्यात चोरी काही नाही, सिस्टीमच तशी बनवलीय, सायकली फिरत राहाव्यात म्हणून. पण ही युक्ती पासवर चालते, दर राईडला पैसे घेणाऱ्या प्लॅनवर नाही, तिथे दुसऱ्यांदा अनलॉकचे परत लागतात. आणखी एक, काही ठिकाणी लगेच दुसरी देत नाहीत, चार-पाच मिनिटं थांबवतात. आणि चार दिवसांसाठी गेलेल्यांनी महिन्याचा पास बिलकुल घेऊ नका, कितीही स्वस्त दिसू दे.

वॉलेटमध्ये किमान रिचार्ज मागतात ते पैसे अडकून राहतात, तेव्हा सगळ्यात लहान रक्कम टाका. डिपॉझिट परत मिळणारं आहे की नाही ते बघा. परदेशात असाल तर कार्डावर होल्ड लागू शकतो, म्हणजे पैसे कापले नाहीत पण वापरताही येत नाहीत, आणि इथलं कार्ड तिथे वापरलं तर बँक स्वतःचं कमिशन वर लावते ते वेगळंच. लंडनमध्ये सायकल हरवली तर ३०० पाउंडपर्यंत लावू शकतात, म्हणून शेवटची पायरी नीट करायची.

ती शेवटची पायरी म्हणजे परत लावणं, आणि माझ्या मते भांडणं इथेच होतात. डॉकवाली असेल तर चाक जोरात आत ढकला, हिरवा लाईट किंवा आवाज येईपर्यंत हलू नका, मग सायकल मागे ओढून बघा, सुटत नाही ना. ॲपवाली असेल तर लॉक लावा आणि स्क्रीनवर राईड संपली असं येईपर्यंत तिथेच उभे राहा. नुसतं लॉक बसलं म्हणजे राईड संपली असं नसतं, नेट गेलं तर मीटर पळतच राहतो. मग एक फोटो सायकलचा, मागची जागा दिसेल असा, आणि एक स्क्रीनशॉट. नंतर कस्टमर केअरशी बोलताना ह्या दोन गोष्टी असल्या की आवाज चढवावा लागत नाही. स्टँड फुल्ल असेल तर बऱ्याच डॉकवाल्या सिस्टीममध्ये तसं कळवलं की फुकट जादा मिनिटं देतात, ते मागून घ्या, आणि शक्यतो निघतानाच ॲपमध्ये बघा की पोचायचं तिथे जागा आहे का. सकाळी ऑफिसांकडचे स्टँड भरलेले आणि घरांकडचे रिकामे, संध्याकाळी बरोबर उलटं.

क्यूआरचं सांभाळा. स्कॅन नेहमी त्या कंपनीच्या ॲपमधूनच करायचा, फोनच्या कॅमेऱ्याने किंवा जीपेने नाही, कारण खऱ्या क्यूआरवर दुसरा स्टिकर चिकटवून पैसे लाटणारे असतात. पैसे गेलेच तर इथे १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर लगेच फोन.

आता सायकल हातात घ्यायच्या आधी. अनलॉक करायच्या आधी म्हणतोय मी, नंतर नाही, नंतर मीटर चालू असतो. टायर अंगठ्याने दाबा, दोन्ही ब्रेक दाबा, चेन लोंबत नाही ना बघा, सीट हलवून बघा. कुठल्या सायकलची सीट मागे तोंड करून फिरवलेली दिसली तर ती घेऊ नका, पॅरिसमध्ये लोकांनीच पाडलेली ही रीत आहे, बिघडलेली सायकल पुढच्याला कळावी म्हणून. छान वाटली मला ही गोष्ट, आपण पण करायला हरकत नाही, ॲपवर तक्रार टाकून वर सीट पण फिरवायची. सीटची उंची सायकलच्या बाजूला उभं राहून कंबरेच्या हाडाशी आणा, पेडल खाली गेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहतो. पण नवखे असाल तर थोडी खालीच ठेवा, थांबल्यावर दोन्ही पाय टेकले पाहिजेत.

ब्रेकचं एक बऱ्याच जणांना माहीत नसतं. आपल्याकडे आणि इंग्लंडात उजव्या हातातला ब्रेक पुढच्या चाकाचा, पण पोर्तुगाल फ्रान्सकडे साधारण उलटं असतं, डावा हात पुढचा. घाबरून एकच ब्रेक कच्चकन दाबला आणि तो पुढचा निघाला तर माणूस हँडलवरून पुढे. म्हणून कुठेही दोन्ही एकदम, हळूहळू वाढवत दाबायचे, आणि पहिली दोन मिनिटं गल्लीतच फिरून हात बसवायचा. तिथे रस्त्याची बाजूही उजवी, सर्कलला उलट्या दिशेने फिरायचं, म्हणून पहिल्या दिवशी रविवारी सकाळी बाहेर पडलेलं बरं. लिस्बनमध्ये ट्रामचे रूळ आहेत, त्यात टायर अडकतो, रूळ ओलांडताना शक्य तेवढं काटकोनात जायचं, आणि ओले असतील तर सरळ उतरून ढकलत न्यायची, लाज कसली त्यात.

लाईनीत लावलेल्या गाड्यांच्या अगदी चिकटून जाऊ नका, कोणी दार उघडलं तर तुम्ही त्यावर. मीटरभर सोडा, मागचा हॉर्न मारेल, मारू दे. बस, ट्रक, आपल्याकडचे टिपर, ह्यांच्या डाव्या बाजूने पुढे घुसायचं नाही, तो डावीकडे वळला तर त्याला तुम्ही दिसतच नाही. रस्ता खणलेला असेल, आणि पणजीत राहून ह्याची सवय नाही असं कोण म्हणेल, तर खड्डा चुकवायला ऐनवेळी आत वळू नका, लांबूनच मागे बघून, हात दाखवून सरका. पावसात ब्रेक उशिरा लागतो, रंगवलेले पट्टे आणि मॅनहोलची झाकणं साबणासारखी होतात, आणि जून ते सप्टेंबर आपल्यासारखा पाऊस असेल तिथे छत्री धरून एका हाताने चालवणं हे सर्कशीवाल्यांनी करावं, तुम्ही रेनकोट घ्या. डबलसीट नाही, म्हणजे नाहीच, गोव्यात कितीही सवय असली तरी ही सायकल एका माणसाची असते आणि पडलात तर विमा वगैरे सगळं विसरायचं. हेल्मेट कायद्याने लागो न लागो, रोज वापरणार असाल तर एक स्वतःचं ठेवा. अपघात झाला तर इथे ११२, गोव्यात १०८ ची ॲम्ब्युलन्स, इंग्लंडला ९९९, युरोपात ११२.

हे झालं ज्याच्याकडे चांगला फोन आहे आणि गुडघे धड आहेत त्याचं. बाकीच्यांचं काय?

शेअरिंगच्या सायकलींना मधला दांडा बहुतेक खाली असतो, त्यामुळे साडी, झगा किंवा कुरकुरणारे गुडघे असले तरी पाय सहज जातो. शाळेत असताना लेडीज सायकल चालवलेल्या आपल्या मामी-मावशी आरामात चालवतात, फक्त पदर कमरेला खोचायचा आणि ओढणी मागे गाठ मारायची, चाकात गेली तर गळा आवळतो, ही गोष्ट गंमतीची नाही. त्यांना घेऊन जाणार असाल तर रजिस्ट्रेशन, ओटीपी, पेमेंट सगळं घरीच बसून करून द्या, स्टँडवर उन्हात नको. एका अकाउंटवर दोघं-तिघं घेता येतात का बघा, काही ठिकाणी येतात. पोरांचं वय मात्र आधी तपासा, लंडनमध्ये १८ पूर्ण असल्याशिवाय भाड्याने घेता येत नाही पण १४ च्या पोराला चालवता येते, दुसरीकडे १६ म्हणतात, दुसऱ्याच्या अकाउंटने चालवू दिली आणि काही झालं तर जबाबदारी अकाउंटवाल्याची.

बायकांनी रात्री सायकल सोडायचा स्टँड आधीच बघून ठेवा, उजेडातला आणि माणसं असलेला, चार पावलं जास्त पडली तरी तिथेच. लाईव्ह लोकेशन घरच्या कोणाला तरी.

फोन नाही, कार्ड नाही अशांसाठी सोय करता येत नाही हे खोटं आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाने २०१५ मध्ये सुरू केलं तेव्हाच रोख पैसे दुकानात भरून पास घ्यायची सोय ठेवली होती. पोर्टलंडने २०१७ पासून तीनचाकी आणि हाताने चालवायच्या सायकली भाड्याने ठेवल्या, ज्यांना पायाने जमत नाही त्यांच्यासाठी. तेव्हा तुमच्या शहरात विचारा, लेखी विचारा, रोख घेता का, साधं कार्ड देता का, तीनचाकी आहे का. विद्यार्थी, ज्येष्ठ, कमी उत्पन्नवाल्यांची सवलत असेल तर ती ॲपच्या पहिल्या पानावर कधीच नसते, मदत विभागात शोधावी लागते.

आणि सायकल सोडताना फूटपाथवर त्या पिवळ्या उंचवट्याच्या लाद्या असतात त्यांच्यावर नको. त्या आंधळ्या माणसाच्या काठीसाठी असतात. रॅम्पवर नको, कोणाच्या दारात नको, बसस्टॉपच्या तोंडावर नको. झोनमध्ये असली म्हणून कुठेही आडवी टाकायची मोकळीक मिळत नाही.

शहर सोडून परत येताना ॲप नुसतं डिलीट करू नका. आधी डिपॉझिट परत मागा, वॉलेटमधले उरलेले काढता येतात का बघा, युपीआय ऑटोपे चालू असेल तर युपीआय ॲपमध्ये जाऊन बंद करा, सेव्ह केलेलं कार्ड काढा, शेवटच्या राईडचा स्क्रीनशॉट डिपॉझिट खात्यात येईपर्यंत ठेवा, आणि मगच ॲप काढून टाका.